गाझियाबादची आरती आणि अशोकाचे दोन लेख

भाद्रपदात दिल्लीला जाऊ नका, असं मी या ब्लॉगवर निदान दोनदा तरी लिहिलं असेल. उकाडा जात नाही, पाऊस येतो येतो म्हणून येत नाही, आणि अंगातला कुडता सकाळी नऊलाच पाठीला चिकटतो. तरी यंदा ऐन गणपतीत मी दिल्लीचं तिकीट काढलं, कारण ताईचा फोन आला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातली पंचवीस-सव्वीस गाझियाबादला, वसुंधरात. दाजी, म्हणजे तिचे यजमान प्रभाकर रामटेके, केंद्र सरकारात विजेच्या कामाचे इंजिनियर होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आम्ही साताऱ्याचे, घरात देवघर आणि चतुर्थ्या. दाजी नागपूरकडचे, बौद्ध. सोळाव्या वर्षी वडिलांशेजारी उभं राहून त्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आणि त्यांत गणपतीला देव मानणार नाही, त्याची पूजा करणार नाही, हे अगदी स्वच्छ आहे. ताईचं देवघर स्वयंपाकघरातल्या कपाटात, दाजींची बुद्धमूर्ती हॉलमध्ये. धूळ दोन्हींवरची ताईच पुसते.

वसुंधरातल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं वायरिंग, दिवे आणि माइक पंचवीस वर्षं दाजीच बघतात. पहिल्या वर्षी मंडपात ठिणग्या उडाल्या म्हणून ते आत गेले आणि मग सुटलेच नाहीत. मात्र आरतीची घंटा वाजली की शांतपणे बाहेर येतात आणि चपलांपाशी उभे राहतात. जुन्या लोकांना कारण माहीत आहे. नव्यांना वाटतं, काका चपला सांभाळतात.

यंदा मंडळानं दाजींचा सत्कार करायचं ठरवलं, आणि सत्कार म्हणजे काय, तर रविवारची महाआरती त्यांच्या हस्ते. कार्ड छापूनही झालं: "श्री. प्रभाकर रामटेके, सपत्नीक". मनापासून आदर करताना एखाद्याला इतक्या नेमक्या अडचणीत आणायला आपलीच माणसं लागतात.

"ते काहीच बोलत नाहीत गं," ताई फोनवर म्हणाली. "कार्ड वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. तू ये. तुझं ऐकतात."

"काय सांगू त्यांना? करा म्हणून?"

"एकदा शेजारी उभे राहिले तर काय बिघडतं? मी काय दर वर्षी मागतेय?"

लोकांच्या संसारात नाक खुपसायचं नाही, हा माझा नियम आहे. मी एकटी राहते, त्यामुळे तो पाळणं सोपं जातं. पण तिचा आवाज काही बरा वाटला नाही, म्हणून निघाले.

गुरुवार

पुण्याहून गाडीनं सकाळी निजामुद्दीनला उतरले. स्टेशनबाहेर टॅक्सीवाले गाझियाबादचे तोंडाला येतील ते पैसे सांगतात. तिकडे बघू नका. सराय काले खाँच्या मेट्रो स्टेशनावरून गुलाबी लाइननं आनंद विहार, तिथून निळ्या लाइननं वैशाली आणि पुढे ई-रिक्षा. सगळं मिळून शंभराच्या आत होतं. सामान मात्र बेताचं हवं, आनंद विहारला चालायला बरंच लागतं.

ताईनं भाकरी आणि मसाल्याचं वांगं केलं होतं. दाजी जेवताना मंडळाच्या जुन्या मिक्सरबद्दल बोलले; मिक्सर म्हणजे ध्वनीचा. आरतीचा विषय कुणी काढला नाही. संध्याकाळी मी दोघांबरोबर मंडपात गेले. अध्यक्ष सबनीस नोएडात कुठल्याशा कंपनीत मोठ्या पदावर आहेत, बोलणं निम्मं हिंदी.

"अरे यार, रामटेके सर, संडेला फुल हाउस आहे," ते म्हणाले. "ताई, तुम्ही नऊवारी नेसणार ना? बिल्कुल नेसा."

दाजींनी फक्त विचारलं, की रविवारी जनरेटर लागेल का. घंटा वाजली तसे ते बाहेर गेले. ताई पहिल्या ओळीत टाळ्या वाजवत उभी होती आणि तिच्या डावीकडे एका माणसापुरती जागा मोकळी होती. गर्दी चांगली असूनही तिथे कुणी सरकत नव्हतं. ही तिची सवय मला माहीत नव्हती. वाईट वाटलं.

शुक्रवार

मला अशोकाचा शिलालेख बघायचा होता, दाजींना घराबाहेर पडायचं होतं. दिल्लीत अशोकाचा खडकावरचा लेख आहे हे बऱ्याच दिल्लीकरांना ठाऊक नसतं. वैशालीहून मंडी हाउस, तिथे गाडी बदलून नेहरू प्लेस, पुढे ऑटो. ऑटोवाल्याला शिलालेख म्हणून कळणार नाही. ईस्ट ऑफ कैलाशची बाग सांगा. तिकीट नाही. पाणी बरोबर ठेवा.

बागेच्या टेकाडावर सिमेंटचं छप्पर, लोखंडी जाळी आणि जाळीच्या आत एक उतरता, खडबडीत खडक. अक्षरं शोधावी लागतात. ऊन तिरपं असलं तर दहा-एक ओळी दिसतात, नाहीतर साधा दगड. मी फोटो काढले, ते सगळे जाळीचे आले. टेकाडाखालून कालकाजीच्या बाजूच्या देवळातला भोंगा ऐकू येत होता.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

दाजींना ब्राह्मी येत नाही, पण मजकूर त्यांनी कुठेतरी वाचून ठेवला होता. "राजा म्हणतो, मी उपासक होऊन अडीच वर्षं झाली. पण सुरुवातीला मी फारसा झटलो नाही. नंतर झटायला लागलो."

"एवढंच? हे दगडावर कोरायचं?"

"मला तर तेच आवडतं," दाजी म्हणाले. "आपण कमी पडलो, हे गावोगावच्या खडकांवर कोण कोरून घेतो? पुढे म्हणतो, हे लहान माणसालाही जमतं. राजाच असायला पाहिजे असं नाही."

आम्ही पायरीवर बसलो. मी थर्मासमधला चहा ओतला आणि, मध्ये पडायचं नाही हा नियम मोडून, आरतीचं विचारलं.

"करीन मी," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते चिडतील, निदान वाद घालतील. वादाची तयारी मी गाडीतच केली होती. आपल्याकडे धर्म सगळ्यांना सारखा नसतो, मुलीचा वेगळा, नवऱ्याचा वेगळा, राजाचा वेगळा. ज्याच्या त्याच्या जागेवरून आणि नात्यावरून ठरतो. आणि दोन कर्तव्यं एकमेकांच्या आड आली की अडचणीच्या वेळेसाठी आपद्धर्म आहे. हे सगळं मी तरीही बोलून दाखवलं, कारण तयार होतं.

दाजी हसले. "तुमच्याकडे सोय चांगली आहे. आमच्याकडे पंचशील सगळ्यांना एकच. राजाला तेच, माझ्या आईला तेच, ती लोकांच्या घरी भांडी घासायची. खोटं बोलू नये, म्हणजे कुणीच बोलू नये. अडचणीचं वेगळं कलम नाही."

"मग करीन का म्हणता?"

त्यांनी कप खाली ठेवला. "सबनीस माझ्याशी चार महिन्यांपूर्वीच बोलला होता. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, अच्छा, ठीक आहे. नंतर थेट कार्डच आलं. मी त्याला फोन केला, तर म्हणतो, सर, ताईंनी सांगितलं ना, तुम्ही तयार आहात." ते खडकाकडे बघत होते. "तिनं माझ्या नावानं हो सांगितलंय. मला कळलंय हे तिला माहीत नाही. आता मी नाही म्हटलं, तर तीनशे लोकांत ती खोटी पडते."

"आणि केलीत तर तुम्ही खोटे."

"मी माझ्यापुरता. वडिलांना मी शब्द दिला होता, ते आता नाहीत. ही आहे. आरतीत काय, दहा मिनिटं ताट फिरवायचं. पण नीलू, मला दोन आठवडे झोप नाही. तिला बोलू नकोस हे."

मी मान हलवली. नंतर आम्ही नेहरू प्लेसला छोले-कुलचे खाल्ले. चांगले होते. दाजींनी अर्धे ठेवले.

शनिवार

ताईबरोबर फिरोजशाह कोटला. मंडी हाउसहून आयटीओला यायचं आणि तिथून चालत. तिकीट अगदी किरकोळ. पडक्या किल्ल्यात दगडी चौथऱ्यांचे तीन मजले एकावर एक चढवलेत आणि वर अशोकाचा खांब उभा आहे. हा मूळचा टोपऱ्याचा, हरियाणातला. सुलतानानं यमुनेतून नावेवरून आणवला. मूळ लेखाच्या जोडीला नंतरच्या एका राजानं त्यावर संस्कृतात आपली कीर्ती कोरून घेतली. म्हणजे एकाच खांबावर बौद्ध राजा, विष्णूशी आपली तुलना करून घेणारा राजा, आणि खांब उभा मुसलमान सुलतानाच्या किल्ल्यात. आधीच्याची अक्षरं नंतरच्यानं खरवडली नाहीत. गुरुवारी लोक इथे जिनांना, म्हणजे तिथे राहतात असं मानलेल्या पिशाच्चांना, अर्ज लिहून कोनाड्यांत ठेवतात. शनिवारी कोनाड्यांत नुसती मेणबत्त्यांची काजळी होती.

या खांबावर धम्म म्हणजे काय ते राजानं स्वतःच विचारलंय आणि स्वतःच सांगितलंय: पाप कमी, चांगली कामं पुष्कळ, दया, दान, खरेपणा, शुचिता. मी ते फोनमध्ये बघून ताईला वाचून दाखवलं.

"देवाचं नाव नाही कुठे," ती म्हणाली.

"या ओळीत नाही."

"आणि बायकोचं?"

तेही नव्हतं. ती चौथऱ्याच्या सावलीत बसली आणि पदरानं वारा घेत म्हणाली, "आमच्या लग्नात सप्तपदी नाही झाली नीलू. त्यांच्याकडचं त्रिशरणही नाही झालं. दोन सह्या आणि पेढे. धर्मात, अर्थात, कामात हिला सोडून वागणार नाही, असं नवरा म्हणतो ना, ते मला कुणी म्हटलंच नाही. मी कधी कुरकुर केली? पण मला वाटतं कधीकधी."

दुपारी जनपथला उतरून कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवलो. थाळी साधी, आमटीला गोडा मसाला. दिल्लीत राहणाऱ्याला त्याची किंमत कळते. ताईनं भात दोनदा घेतला. मग ऑटोनं मंदिर मार्ग. तिथे लक्ष्मीनारायणाचं मोठं देऊळ आहे आणि त्याच्या अंगालाच एक बुद्धविहार. नवीन लग्न झाल्यावर, गाझियाबादला जाण्याआधी, दोघं इथे यायचे. ती देवळात जायची, ते विहारात, आणि पुन्हा फाटकाशी भेटून समोर चाट खायचे.

देवळात मोबाइल नेऊ देत नाहीत, लॉकरला ठेवावा लागतो. ताई मला आधी विहारात घेऊन गेली. आत गारवा होता, आमच्याशिवाय एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते. ताईनं मूर्तीला हात जोडले, सवयीनं पायाकडे वाकायला गेली आणि मध्येच थांबली.

मी बोलायला नको होतं. कबूल केलं होतं. पण दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवताहेत आणि दोघांनीही ती मलाच सांगितली आहे, अशा स्थितीत मला गप्प राहता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. खरं तर ताईनं अजून सांगितलंही नव्हतं.

"सबनीसांना हो तू म्हणालीस ना?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

तिचा चेहरा उतरला. "त्यांनी सांगितलं?"

"त्यांना कार्ड आल्यापासून माहीत आहे. ते करणार आहेत, ताई. तू खोटी पडू नयेस म्हणून. झोपत नाहीत."

ती देवळात गेली नाही, चाट नको म्हणाली. मेट्रोत वैशालीपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. मी केलं ते चुकलं असं मला वाटत होतं.

रविवार

सकाळी स्वयंपाकघरात दोघांचं साधंच बोलणं चाललं होतं, दूध आणि गॅस. ताईनं हिरवी नऊवारी इस्त्री केली. दाजींनी पांढरा सदरा घातला. संध्याकाळी सातला मंडप भरला होता. वसुंधरा, इंदिरापुरम, नोएडा, लांबून द्वारकेहूनसुद्धा लोक आले होते. मोदकांची चव घ्यायची असेल तर सातच्या आत पोचा. साडेसातला डबे रिकामे होतात.

सबनीसांनी माइकवर दाजींच्या पंचवीस वर्षांचं कौतुक केलं. ते मनापासून होतं, हे लिहायला हवं. टाळ्या झाल्या. शाल झाली, श्रीफळ झालं. मग पेटवलेल्या निरांजनांचं ताट आलं आणि दाजींनी ते दोन्ही हातांत घेतलं. मी त्यांच्यापासून चार पावलांवर होते. घंटा वाजली, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दाजी घंटेला आत होते.

ताईनं त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं.

"थांबा," ती सबनीसांना म्हणाली. माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "हे पूजा करत नाहीत. यांनी तुम्हाला नकार दिला होता. मी यांना न विचारता यांच्या नावानं तुम्हाला हो सांगितलं. माझं चुकलं."

मागून एक बाई म्हणाली, "मग कार्डवर कशाला छापायचं?" सबनीस लाल झाले. "ताई, हे आधी सांगायचं ना यार, इतक्या लोकांसमोर..."

"आरती मी करते," ताई म्हणाली. "चालत असेल तर."

चाललं, कारण दुसरा इलाज नव्हता. पहिलं कडवं कुणी वरच्या पट्टीत धरलं, कुणी खालच्या. ढोलकीवाला दोन्हींच्या मागे धावत होता. इतकी बेसूर आरती मी ऐकलेली नाही. ताईचा आवाज फुटत होता, पण ताट नीट फिरत होतं. दाजी बाहेर जातील असं मला वाटलं, सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण लोकांनी सरकून वाट करून दिली. ते गेले नाहीत. त्यांनी हात जोडले नाहीत, टाळ्या वाजवल्या नाहीत, ओठही हलवले नाहीत. शाल काखेत धरून ते ताईच्या डावीकडे, आरतीच्या शेवटच्या ओळीपर्यंत, सरळ उभे राहिले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी देवाधर्माच्या बाबतीत अलिप्त आहे असं इथे नेहमी लिहिते, म्हणून नोंदवून ठेवते.

पुन्हा पुणे

सोमवारची गाडी वेळेवर होती. दाजी स्टेशनावर सोडायला आले. मी शब्द मोडला त्याबद्दल माफी मागितली, तर म्हणाले, "मोडलास ते खरंच आहे. पण जाऊ दे," आणि पाण्याची बाटली आणायला गेले.

घरी आल्यावर हिंदू धर्म आणि बौद्ध धम्म यांतल्या फरकावर तीन परिच्छेद लिहिले. आपल्याकडे नात्यानं बांधलेलं कर्तव्य, त्यांच्याकडे सगळ्यांना एकच शील, वगैरे. मग काढून टाकले. वाचायला बरे होते. पण नात्याखातर शब्द मोडायला निघाले होते दाजी, आणि खोटं बोलू नये म्हणून भरल्या सभेत उभी राहिली ती ताई. माझ्या परिच्छेदांत ही माणसं बसेनात.

मंडळाचं मन दुखावलं आहे. सबनीस भेटले की नमस्कार करतात, थांबत नाहीत. पुढच्या वर्षीचं वायरिंग कंत्राटानं द्यायचं ठरतंय म्हणे. ताईला दोन हळदीकुंकवांची बोलावणी आली नाहीत. तिनं हे सगळं फोनवर सांगितलं, तक्रार म्हणून नाही.

"तुला वाईट वाटत असेल," मी म्हटलं.

"वाटतं ना. पंचवीस वर्षांची माणसं आहेत." मग म्हणाली, "काल मी यांना विचारलं, खरंच केली असतीत का आरती? तर हो म्हणाले. लगेच. मी कणीक मळत होते, तशीच रडत बसले."

"आनंदानं?"

"नाही गं," ताई म्हणाली. "त्यांनी केली असती ना, तर मी त्यांना कधीच माफ केलं नसतं. एकतीस वर्षं मी मनात तेच मागत होते, आणि ते मला सोसणार नाही, हे मला त्यांच्या हातात ताट बघेपर्यंत माहीत नव्हतं."